अकरा अर्ज आणि एक गुलाबी कागद

संध्याकाळी फाटकाची कडी वाजली, की नानांच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो "थांब!" चार वर्षांची नात दोन्ही हात पसरून आतून धावत सुटलेली असायची, आणि नाना दारातच हात वर करून उभे. "जवळ नको हं येऊस, आजोबांच्या अंगाला औषध आहे." मग वळसा घालून मागच्या दारानं आत, कपडे वेगळ्या बादलीत, साबण दोनदा. पाऊण तासानं नाना माणसांत यायचे, तोवर नात जेवून आजीच्या मांडीवर कलंडलेली असायची.

नाना औषध मारायचे. घरोघरी जाऊन झुरळं, ढेकूण, वाळवी, ज्याचं जे असेल ते मारायचं, हा त्यांचा एकोणीस वर्षांचा धंदा. अर्थात धंदा साहेबांचा, नाना नोकर. पाठीवरच्या पंपाची टाकी झिरपायची, त्यामुळे दुपारपर्यंत सदरा पाठीला चिकटलेला असे. वास तर असा, की बसमध्ये नानांना कधी उभं राहावं लागलं नाही. दोन जणांचं बाक अख्खं त्यांचंच.

सोमवारी कडी वाजली आणि नानांनी तोंड उघडायच्या आत घरातूनच आवाज आला, "थांब! जवळ नको येऊस! अंगाला औषध आहे!" नात जागची हललीसुद्धा नव्हती. ती हे आपल्या बाहुलीला सांगत होती आणि बाहुलीला तिनं शिस्तीत दाराबाहेर उभं केलं होतं. नानांना आधी हसू आलं. मग मागच्या दाराशी एकच बूट काढून ते बराच वेळ तसेच बसून राहिले.

"अहो, मी म्हणते, अंघोळ तिकडंच करून का नाही येत?" बायको बादली सरकवत म्हणाली. "कंपनीत बाथरूम आहे म्हणता ना?"

"आहे की."

"मग अडलंय कुठं?"

"त्यात फायली राहतात."

हे अगदी खरं होतं. कंपनीच्या बाथरूमला चार वर्षांपूर्वी साहेबांनी कुलूप घातलं, आत फळ्या ठोकल्या आणि जुने कागद ठेवले. नानांनी अर्ज केला: बाथरूम उघडून मिळावं. साहेब फार गोड माणूस. अर्ज दोन्ही हातांनी घेतला, म्हणाले, "विचार करतो, नाना." नानांनी चार वर्षांत असे अकरा अर्ज दिले. टाकी झिरपते, मास्क दोघांत एक आहे, शिडीची तिसरी पायरी नाही, सदऱ्याच्या पाठीवर वीतभर लांबीचं उताणं झुरळ छापलंय ते निदान लहान तरी करा, आणि प्रत्येकाच्या शेवटी पुन्हा बाथरूम. अकराही वेळा साहेब तितक्याच गोडीनं "विचार करतो" म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी! आणि ते अकरा अर्ज गेले कुठं? तर जुने कागद म्हणून त्याच बाथरूमात.

मात्र एका कागदाला कंपनीत मान होता. ग्राहकाच्या तक्रारीचा गुलाबी कागद. भिंतीवर पाटीच होती: "तक्रार गुलाबी कागदावर, माणूस चोवीस तासांत." एकोणीस वर्षांत गुलाबी कागद पडून राहिलेला नानांनी पाहिला नव्हता. पूर आला तरी माणूस जाणार, आजारी असला तरी जाणार. हे सगळं नानांना त्या रात्री कुशीवर वळता वळता सुचलं आणि ते अंथरुणात उठूनच बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे कामावर पांगलेले असताना, नानांनी एक गुलाबी कागद घेतला. उपद्रवाची जागा: बाथरूम. केव्हापासून: चार वर्षे. स्वरूप: दार उघडत नाही, फार त्रास होतो. पत्ता कंपनीचाच, मजल्यासकट. तक्रारदार: एक त्रस्त. आता राहिला कीटकाचा रकाना. तो रिकामा ठेवला तर नोंदणीबाई कागद परत करायच्या, मग तो खुद्द साहेबांचा असो. नानांनी थोडा विचार केला आणि वाळवीवर खूण केली, कारण वाळवीच्या तक्रारीला सगळ्यात आधी माणूस निघतो. कागद तक्रारपेटीत पडला. पडल्यावर नानांना आठवलं, की गेल्या वर्षी एकानं दुपारचं जेवण साधावं म्हणून सासुरवाडीची खोटी तक्रार टाकली होती, तर साहेबांनी त्याला तितक्याच गोडीनं कायमचं घरी पाठवलं. नानांना निवृत्तीला दोन वर्षं होती. त्यांनी पेटीच्या फटीत दोन बोटं घालून पाहिली. बोटं तेवढी अडकली, कागद काही आला नाही.

सकाळी कामांची यादी लागली. पहिलंच काम: वाळवी. माणसं: नाना आणि उंदीरवाला. हा उंदीरवाला म्हणजे नानांचा जोडीदार. पिंजरे लावण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि शिडीची तिसरी पायरी नाही हे त्यालाच सगळ्यात आधी कळलं होतं.

"गाडी काढतो," उंदीरवाला म्हणाला. मग त्यानं पत्ता वाचला. पुन्हा वाचला. "नाना, हे तर आपणच."

"असं?" नाना टाकीत पाणी भरत म्हणाले. टाकी केव्हाच भरली होती, पाणी बुटांत जात होतं.

उंदीरवाला नोंदणीबाईंच्या खिडकीशी गेला. "बाई, हा पत्ता आपल्या हापिसाचा आहे हो!"

"मग?" बाईंनी मान वर केली नाही. "रकाने सगळे भरलेत. पत्ता पूर्ण आहे. मला आणखी काय हवंय? आणि घड्याळ बघा, चोवीसातले अठरा तास संपले."

"बाई, कुणीतरी चेष्टा केली असेल," नाना घाईघाईनं म्हणाले. "राहू द्या ना. फाडून टाका."

"गुलाबी कागद फाडू?" बाईंनी आता मान वर केली. नानांनी बाप फाडायला सांगितला असता तरी त्यांचा चेहरा एवढा पडला नसता. "जा, काम करा. आणि आधी ग्राहकाची सही घ्या. सहीशिवाय पंप उघडायचा नाही, माहिताय ना?"

आता ग्राहक कोण? हापिस साहेबांचं, म्हणजे ग्राहक साहेब. नाना म्हणाले, "आत्ता नको, त्यांच्याकडे कुणीतरी बसलंय." पण उंदीरवाला नियमाचा माणूस. त्यानं पंप पाठीला लावला, केबिनचं दार ढकललं आणि ज्या आवाजात तो परक्या घरी बोलतो त्याच आवाजात म्हणाला, "नमस्कार. वाळवीची तक्रार तुमच्याकडूनच आली ना?"

साहेबांसमोर एका मोठ्या वसतिगृहाच्या रेक्टरबाई बसल्या होत्या. दोनशे मुली, चार मजले, सोळा बाथरूमं, वर्षभराचं काम. साहेब तीन महिने त्यांच्या मागे होते. करारावर बाईंचं पेन टेकलेलं होतं, ते तिथंच थबकलं.

"वाळवी?" रेक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्याकडे?"

साहेबांचा चेहरा पांढरा झाला, लाल झाला, आणि मग नेहमीसारखा गोड झाला. "छे हो! आमची पद्धत आहे ती. दर महिन्याला आमच्या माणसांकडून आधी आमचंच हापिस तपासून घेतो. स्वतःचं घर साफ, तर दुसऱ्याचं करणार, नाही का?"

"वा!" बाई उठल्याच. "हे कुणी करत नाही. चला, मलाही बघू द्या कसं तपासता ते."

नको म्हणायची सोय साहेबांनीच ठेवली नव्हती. किल्ली शोधण्यात दहा मिनिटं गेली. ती चार वर्षांत कुणी वापरली नव्हती. कुलूप निघालं, दार करकरलं, आणि सगळे नानांकडे बघायला लागले. इथं वाळवी नव्हती, हे त्या घोळक्यात फक्त नानांना माहीत होतं. आता आपण दोन-चारदा ठोकायचं, "काही नाही, सगळं ठीक" म्हणायचं, साहेब गुलाबी कागद मागवणार, अक्षर बघणार, आणि एकोणीस वर्षांचा हिशेब आजच मिटणार. बायकोला काय सांगायचं हे ठरवतच नानांनी स्क्रू ड्रायव्हर उलटा धरला आणि त्याच्या मुठीनं चौकटीवर ठोकलं.

चौकट पोकळ वाजली.

नानांचा कानावर विश्वास बसेना. त्यांनी थोडं खाली ठोकलं. तिथंही पोकळ. मग त्यांनी टोक लावून हलकेच दाबलं, तर स्क्रू ड्रायव्हर लोण्यात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला. फळीच्या मागून मातीची वळणावळणाची नळी वर छतापर्यंत गेली होती, आणि तिच्यातून पांढऱ्या किड्यांची ये-जा अगदी निवांत चालली होती. चार वर्षांत त्यांना कुणी त्रास दिला नव्हता.

"अगं आई गं!" नाना म्हणाले, आणि नोकरीत पहिल्यांदाच वाळवी बघून त्यांना इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

"तज्ज्ञ माणूस," साहेब रेक्टरबाईंना कसंबसं म्हणाले. "एका ठोक्यात ओळखतो."

बाईंचं लक्ष फळीवरच्या फायलीकडे गेलं होतं. त्यांनी वरचा कागद दोन बोटांनी उचलला. वर "महोदय" होतं, खाली "आपला विश्वासू" होतं, मधला सगळा मजकूर वाळवीनं खाल्ला होता, सहीसकट. दुसरा कागद तसाच. तिसराही. असे अकरा. शेवटच्यात मात्र मधल्या दोन ओळी उरल्या होत्या, त्या बाईंनी मोठ्यानं वाचल्या: "औषधाच्या अंगानं घरी जावे लागते, लहान मूल जवळ घेता येत नाही, तरी बाथरूम..." पुढं भोक होतं.

बाईंनी कागद परत फळीवर ठेवला. मग नानांच्या ओल्या पाठीकडे बघत त्यांनी विचारलं, "म्हणजे औषध मारून ही माणसं तशीच हिंडतात? अशीच आमच्या स्वयंपाकघरात येणार?"

"छे छे!" साहेब म्हणाले. "त्यासाठीच तर बाथरूम उघडतोय आम्ही. आजच उघडतोय. उघडलंच की, हे बघा ना!"

"आणि टाकी झिरपते ती?" उंदीरवाल्यानं संधी साधली. "आणि शिडीची पायरी?"

"तेही आजच," साहेब म्हणाले. इतकं गोड ते आयुष्यात कधी बोलले नसतील.

रेक्टरबाईंनी करारावर सही केली, पण खाली स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली, की येणारी माणसं न्हाऊन, कोरड्या कपड्यांत आली पाहिजेत. त्या गेल्यावर नानांनी सूचनांचा छापील कागद साहेबांपुढं ठेवला, जो ते प्रत्येक ग्राहकापुढं ठेवत: वाळवी निघालेल्या जागेत पुन्हा कागद वा लाकडी सामान ठेवू नये. साहेबांनी ग्राहक म्हणून सही केली. मग पेन बंद करत विचारलं, "नाना, ही तक्रार टाकली कुणी? अक्षर ओळखीचं वाटतंय."

"असेल, साहेब," नाना म्हणाले. "माझे अकरा अर्ज वाळवीनं खाल्ले नसते, तर ताडून बघता आलं असतं."

साहेबांनी पेन खिशाला लावलं. मग म्हणाले, "विचार करतो."

त्यानंतरच्या सोमवारी कडी वाजली तेव्हा नाना कोरड्या सदऱ्यात होते, केस ओले होते, आणि बसमध्ये त्यांना उभं राहून यावं लागलं होतं. दारातून आवाज आला, "थांब!" नात तीन पावलांवर बाहुलीला हाताशी धरून उभी होती. नाना खाली वाकले आणि म्हणाले, "आज औषध नाही. ये." तिनं लांबूनच नाक पुढं करून वास घेतला. एक पाऊल आली, पुन्हा वास घेतला. मग बाहुली टाकून जी धावली, ती नानांना घेऊन दाराला आपटली. बायको स्वयंपाकघराच्या दारात पदरानं डोळे पुसत म्हणाली, "अहो, फाटक तरी लावा."

पंधरा दिवस असे सुखात गेले. एका संध्याकाळी नात मांडीवर झोपलेली, नाना भिंतीला टेकलेले, आणि स्वयंपाकघरातून बायकोची किंकाळी आली.

"झुरळ! अहो, घरात झुरळ! चार वर्षांत कधी दिसलं नव्हतं हो!" ती पळी घेऊन बाहेर आली, नानांजवळ वाकली, एकदा वास घेतला, आणि तिला सगळा उलगडा झाला. "तरीच! तुमच्या त्या वासानं एवढं एक काम होत होतं, तेही गेलं. बसलात काय? उठा की! एवढं मारून द्या."

नानांनी झुरळाकडे बघितलं. मग मांडीकडे बघितलं. नातीनं झोपेतच त्यांच्या सदऱ्याचं बटण मुठीत धरलं होतं.

"गुलाबी कागद भर," नाना हळूच म्हणाले. "चोवीस तासांत माणूस येईल."