डॉक्टर टाइड अप आहेत

दातांच्या दवाखान्यात फोन घेणाऱ्या मावशींना डॉक्टरीणबाईंनी सोमवारी समजावलं, "मावशी, पेशंट आता इंग्रजीत बोलतात. फोनवर 'बाईंचा हात तोंडात आहे' असं नका सांगू." मग चिठ्ठी लिहून दिली. डॉक्टर कामात असल्या तर 'शी इज टाइड अप', समोरच्याला थांबवायचं तर 'प्लीज होल्ड ऑन'. मावशींनी ती दोन दिवस भांडी घासताना घोकली.

बुधवारी फोन वाजला. घोगरा, पुरुषी आवाज. "डॉक्टर आहेत का?"

"शी इज टाइड अप," मावशी एका दमात म्हणाल्या.

पलीकडे हातातलं काहीतरी खणकन पडलं. मग, "बांधलंय? कोणी?"

इंग्रजी संपत आल्यामुळे मावशी मराठीवर आल्या. "आत पेशंट आहे ना, त्याच्यामुळे. चांगला आडदांड आहे. तासभर काही सुटत नाहीत त्या."

"आणि तुम्ही काय करताय?"

"मी एकटी काय करणार? प्लीज होल्ड ऑन."

"तुम्हीच धरून ठेवा त्याला. आलोच मी."

माणूस घाईचा दिसतोय, असं म्हणत मावशींनी वहीत 'एक पेशंट येतोय' लिहून ठेवलं.

अर्ध्या तासात दार धाडकन उघडलं. पुढे भलीमोठी पक्कड घेतलेले एक गृहस्थ, मागे त्यांच्या शेजारच्या दुकानांतले न्हावी आणि शिंपी, आपापल्या कात्र्यांसह. मावशी उठेपर्यंत तिघेही आत. खुर्चीतल्या आडदांड पेशंटने पक्कड पाहिली आणि तोंडातल्या कापसासकट जो पळाला तो थेट रस्त्यावर.

"बाबा?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मावशींच्या डोक्यात आता प्रकाश पडला. हे ते कुलपांचं दुकान असलेले वडील. घरच्याच खालच्या खोलीत दवाखाना काढ म्हणाले होते, लेकीने गावाच्या दुसऱ्या टोकाला काढला. तेव्हापासून दोन महिने अबोला. डब्यातला घास हातात धरून बाई रोज हेच सांगत बसायच्या.

वडिलांनी लेकीचे मोकळे हात पाहिले आणि पक्कड पाठीमागे लपवली. "इथून जात होतो," ते म्हणाले. "मघाशी फोनवर हाच आवाज होता," मावशी पुटपुटल्या. न्हाव्याने आणि शिंप्याने काढता पाय घेतला.

"गाल कधीपासून सुजलाय?"

"कुठे? असाच आहे तो."

"फोन त्यासाठीच केला होता ना? बसा."

"तुझा पेशंट येईल परत."

"नाही येणार."

वडील मुकाट्याने बसले. मावशी दार लोटत होत्या, तेव्हा बाईंनी आरसा आणि कापसाचे चार बोळे बाबांच्या तोंडात घातले, स्टूल जवळ ओढलं आणि दोन महिन्यांचं साचलेलं सगळं सांगायला घेतलं. वडिलांच्या तोंडून फक्त "आं" निघत होतं. लेक प्रत्येक "आं" होकार समजून पुढे जात होती.