निमखेडीच्या कमानीची उंची

जिल्हा परिषदेचे अध्यक्ष मा. पुंजारामअप्पा गायके यांच्या धोरणात पाण्याला दुसरे स्थान आहे. पहिले स्थान कमानीला आहे. याबद्दल बरेच गैरसमज असल्यामुळे सुरुवातीलाच खुलासा केलेला बरा. अप्पांना पाणी नको आहे, असे नाही. पण पाणी गावात यायचे म्हणजे ते कुठून तरी प्रवेश करणार आणि प्रवेश करायचा तर प्रवेशद्वार हवे, हा क्रम पंचायत समितीवर पहिल्यांदा निवडून आल्यापासून त्यांना स्पष्ट आहे.

"शहराला बावन्न दरवाजे," ते प्रत्येक सभेत सांगतात, "आन् माझ्या खेड्यानं काय उघड्यावर राहावं?"

या एका वाक्यावर ते पंचायत समितीतून जिल्हा परिषदेत, तिथून बांधकाम सभापतिपदावर आणि तिथून अध्यक्षांच्या खुर्चीत पोचले. त्यांच्या कारकिर्दीत एकोणचाळीस गावांना कमानी झाल्या. हमरस्त्याच्या बाजूने 'सहर्ष स्वागत' आणि गावाच्या बाजूने 'धन्यवाद, पुन्हा या'. यातली पहिली सिल्लोड रस्त्यावरच्या निमखेडी फाट्यावर आहे. तिला अप्पांनी आपल्या आईचे नाव दिले: मातोश्री वच्छलाबाई प्रवेशद्वार. तेव्हा कमानीखालून चौदा फूट उंचीचा ट्रकही जात असे.

कमान झाल्यावर तिच्याखालच्या रस्त्याचा विकास सुरू झाला. मी भूशास्त्र शिकले आहे. खडकाच्या थरांवरून काळ ओळखतात, तशा निमखेडीच्या रस्त्याच्या कडेवरून निवडणुका ओळखता येतात. तळाचा मुरूम विधानसभेचा, खडी लोकसभेची, डांबर जिल्हा परिषदेचे, त्यावर पोटनिवडणुकीचे काँक्रीट. असे सात थर मी मोजले. कोणताही थर टाकताना आधीचा काढलेला नाही, कारण तो आधीच्या विकासाचा अपमान झाला असता. रस्ता वर आला. कमान होती तिथेच राहिली.

सलग दुसऱ्या वर्षी पाऊस झाला नाही. मी तेव्हा टंचाई कक्षात अकरा महिन्यांच्या करारावर विहिरी मोजत होते. निमखेडीच्या विहिरीत टेप सोडला, तो कोरडा वर आला. तसा अहवाल दिला आणि आठ दिवसांनी बारा हजार लिटरचा टँकर मंजूर झाला. नियम असा होता, की पाणी गावातल्या सार्वजनिक विहिरीतच सोडायचे आणि टँकर कमानीच्या आत आल्याचा फोटो काढायचा.

पहिल्या दिवशी टँकर आला, कमानीखालून दोन सेंटिमीटर राखून आत गेला आणि विहिरीत रिकामा झाला. सरपंच द्वारकाबाईंनी टँकरला हळदकुंकू लावले. परत जाताना तो कमानीला अडला.

"बाजी, खाली हुई की गाडी उप्पर उठ री," ड्रायव्हर कलीमभाई खाली उतरून म्हणाला. "भरी तो दबती. मैं क्या करूं?"

मी मोजले. त्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते. कमानीखाली मोकळी जागा तीन मीटर पाच सेंटिमीटर. भरलेला टँकर तीन मीटर तीन. रिकामा झाल्यावर स्प्रिंगा सात सेंटिमीटर उठत होत्या. एका बाजूला बिल्डरने पाडलेल्या लेआउटची भिंत, दुसऱ्या बाजूला नाला. दुसरा रस्ता नव्हता.

"चाकाची हवा सोडा की," द्वारकाबाई म्हणाल्या.

"हवा छोडूंगा, फिर भरेगा कौन? पंप है तुम्हारे गाव में?"

"मंग माणसं बसवू. किती लागतील, ताई?"

मी हिशेब केला. बारा टन वजनाला साठ किलोची दोनशे माणसे पुरली असती. पण दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी निमखेडीचे सरासरी वजन शेहेचाळीस भरत होते, म्हणून दोनशे साठ लागली असती, आणि तेवढी टँकरच्या पोटात मावत नव्हती.

एवढ्यात कक्षातून फोन आला. टँकरची पुढच्या गावाची फेरी खोळंबली होती. तासाभरात सोडला नाही, तर अत्यावश्यक सेवा अडवल्याचा गुन्हा सरपंचांवर दाखल होणार होता. द्वारकाबाईंनी विहिरीची मोटार सुरू केली आणि ओतलेले पाणी परत टँकरमध्ये भरले. भरलेला टँकर सुखरूप बाहेर पडला. नोंदवहीत 'फेरी पूर्ण' असे लिहिले गेले.

दोन सेंटिमीटरची सवलत होती, म्हणून सगळे पाणी परत द्यावे लागले नाही. साडेतीन हजार लिटर काढून घेतले, तरी टँकर कमानीखालून जातो, असे मी गणित करून दिले. माणशी तीन लिटर. पुढचे नऊ दिवस निमखेडी कमानीने ठेवलेल्या पाण्यावर जगली. दहाव्या दिवशी द्वारकाबाई मला घेऊन अध्यक्षांच्या दालनात गेल्या.

"अप्पा, टँकर येतो तव्हा इहिरीत पाणी ऱ्हातं. टँकर जातो तव्हा पाणीबी जातं. मंग तो येतो कामून?"

"येतो ना?" अप्पांनी मला विचारले.

"येतो, सर."

"मग लोकशाहीत आणखी काय पाहिजे, मावशी?"

"कमान काढा."

अप्पांनी चष्मा काढला. "कमानीवर आईचं नाव हाय. तुम्ही मला आईला पाडायला सांगता?"

"बरं, ऱ्हाऊ द्या. रस्ता तरी खोदा."

शेजारी बसलेल्या अभियंत्यांनी नकारार्थी मान हलवली. रस्ता ठेकेदाराच्या दोषदायित्व कालावधीत होता. त्यात दोष निघाला असता, तर हात लावता आला असता. दुर्दैवाने तो निर्दोष होता.

"छोटा टँकर धाडा मंग."

"मंजुरी बारा हजारच्या टँकरला आहे," अभियंते म्हणाले. "छोट्यासाठी पाणीटंचाई छोटी असावी लागते."

अप्पा विचारात पडले. गरीब बाईचे गाऱ्हाणे ऐकून ते तिला कधीही हात हलवत परत पाठवत नाहीत. "टँकर अडतो म्हणजे रस्ता खराब असंल," ते म्हणाले. "तिथं तातडीनं पेव्हर ब्लॉक टाका."

पाच सेंटिमीटरचा आठवा थर चार दिवसांत पडला. त्यानंतर भरलेला टँकरही कमानीखालून जाईना. निमखेडीत माणशी तीन लिटर येत होते, तेही थांबले. द्वारकाबाई दालनाबाहेर जाऊन बसल्या आणि उठेनात. दारात वर्तमानपत्रवाले जमले, तेव्हा अप्पांनी तातडीची सभा बोलावली.

"नियम काय म्हणतो? टँकर कमानीच्या आत पाहिजे," अप्पा म्हणाले. "आत म्हंजे कोणती बाजू?"

इतक्या मुळाशी कोणी गेले नव्हते.

"जिथून 'पुन्हा या' वाचता येतं, ती बाजू आत, साहेब," अभियंत्यांनी सांगितले.

"मग पाट्या बदला!"

ठराव एकमताने झाला. दुसऱ्या दिवशी पेंटर आला आणि त्याने 'सहर्ष स्वागत' गावाच्या बाजूला व 'धन्यवाद, पुन्हा या' हमरस्त्याच्या बाजूला लिहिले. आता टँकर हमरस्त्यावर नुसता उभा राहिला, तरी तो गावात आलेला असतो. हमरस्त्याच्या बाजूने त्या लेआउटपर्यंत शहराच्या इमारती आल्या आहेत. तिथल्या हौदाची सार्वजनिक उद्भव, म्हणजे विहिरीच्या बरोबरीचा जलस्रोत, म्हणून नोंद झाली आणि रोज दोन फेऱ्या तिथे रिकाम्या होऊ लागल्या. हौदाशेजारी हिरवळ आहे. निमखेडीच्या बाया शेजारच्या गावातून हंडे भरून घरी परततात, तेव्हा त्यांना कमानीवर 'धन्यवाद, पुन्हा या' दिसते.

'आत' कुठे संपते, हे मात्र ठरावात लिहायचे राहून गेले. त्यामुळे कमानीपासून शहराकडचा सगळा भाग कागदोपत्री निमखेडीत आला आहे: शहरातले हर्सूल, सिडको, उस्मानपुरा, आणि आपण हे वाचत बसला आहात ती खोलीसुद्धा. निमखेडीला पाणी मिळाले, हा परिषदेचा दावा म्हणूनच खोटा ठरवता येत नाही. फक्त नोंदवहीत लाभार्थी महिलांच्या सह्या बाकी होत्या. मी वही द्वारकाबाईंपुढे धरली.

"मी कशी सही करू, ताई? मी तर भायेरची," त्या म्हणाल्या. "ज्यांच्या गावात पाणी आलं, त्यांच्याच घेऊन येते. द्या इकडं."

वही घेऊन, डोक्यावर रिकामा हंडा ठेवून त्या घरोघर फिरत आहेत. काल त्या शहरात टी.व्ही. सेंटरपर्यंत पोचल्या होत्या. आज आपल्या जिन्यात पावलांचा आवाज आला, तर नळ बंद करून दार उघडा.