चार अजगर आणि एक धागा

जयपूरला बदली होऊन प्रताप नगरात बिऱ्हाड मांडलं, त्याच संध्याकाळी शेजारच्या सबनीस काकांनी मला चहाला बोलावलं आणि चहाऐवजी सुतळीचं एक टोक हातात दिलं. दुसरं घेऊन ते थेट जिन्यात गेले. "घट्ट धरा, जाळीदार आहे! वीस फूट!" तिकडून आवाज आला. चहा निवला तो निवलाच.

काकांच्या बैठकीत चार खिळ्यांना चार अजगर टांगलेले असतात. सगळे सुतळीचे, खऱ्या अजगराच्या लांबीइतके, सगळ्यांना चिठ्ठ्या: भारतीय, आफ्रिकी, बर्मी, जाळीदार. काका विमा कंपनीत क्लेम तपासायचे. जन्मभर कुणावर विश्वास ठेवायचा नाही याचाच पगार घेतला, आता निवृत्तीनंतर ते फुकट करतात. त्यांचा एकच प्रश्न असतो, "मोजलं कुणी?"

चौमूंहून येणाऱ्या दूधवाल्या भैयानं एकदा शेतात तीस फुटी अजगर पाहिल्याचं सांगितलं.

"भैया, नापा किसने?"

"नापता कौन, अंकलजी? मैं तो भागा!"

"क्लेम नामंजूर!" काका म्हणाले आणि दूध मात्र मोजून घेतलं.

काकू गेल्यापासून घरात ते एकटेच. मुलगा ऑस्ट्रेलियात. नात इरा आठ वर्षांची, दर रविवारी फोनवर दिसते. तिनंच एकदा विचारलं होतं, "आजोबा, सगळ्यात मोठा पायथन कुठला?" या सुतळ्या तेव्हापासूनच्या. यंदा आमच्या मंडळाच्या गणपतीत तिला हे सगळं व्हिडिओवर दाखवायचा शब्द काकांनी दिला होता. कार्यवाहांनी नाक मुरडत पाच मिनिटं दिली, तीही आरतीच्या आधीची, जेव्हा सगळ्यांचं लक्ष प्रसादाकडे असतं.

मी फोन धरून उभा राहिलो. काकांनी चारही अजगर सतरंजीवर ताणले.

"आजोबा, काहीच दिसत नाही," इरा म्हणाली. "फक्त कार्पेट आहे."

बारीक सुतळी फोनवर दिसणार कशी? मागे कुणीतरी हसलं. काकांचा चेहरा असा पडला की मला त्या हसणाऱ्याचा राग आला.

क्षणभरच. मग काका गरजले, "पोरांनो, झोपा!"

सुतळीच्या कडेनं त्यांनी मुलं डोक्याला पाय लावून आडवी केली. भारतीय अजगर दहा फुटांचा, म्हणजे अडीच मुलं. तिसऱ्याला मुटकुळं करायला लावलं. आफ्रिकीला चार. बर्मीलाही चारच, पण "हा अंगानं भरलेला असतो!" म्हणत त्यांनी मधल्या दोघांना उठवून तिथे आमच्या खजिनदारांना हात वर ताणून आडवं केलं. टाळ्या पडल्या. जाळीदाराला मुलं पुरेनात, तेव्हा नाक मुरडणारे कार्यवाहच शेपटीला झोपले.

"अंकल, मतलब अ‍ॅनाकोंडा इससे भी मोटा है ना?" शेपटीजवळून एकानं विचारलं.

"असेल! पण तो अजगरांत मोडत नाही. त्याची पॉलिसी वेगळी!"

"जाळीदार जिंकला!" इरा तिकडे उड्या मारत होती. "आजोबा, मी पण झोपू? मी चार फूट आहे!"

"मोजलं कुणी?" काका सवयीनं म्हणाले.

सगळे हसले. काका हसले नाहीत. घरी परतताना म्हणाले, "फोनवर पोर किती वाढली ते कळत नाही हो. तिला शेवटचं मोजलं तेव्हा ती माझ्या कमरेला लागत होती."

तीन आठवड्यांनी ऑस्ट्रेलियाहून पाकीट आलं. आत लाल लोकरीचा एक धागा, दोन्ही टोकांना गाठ, आणि मोडक्या देवनागरीत चिठ्ठी: 'आजोबा, ही मी.'

आता बैठकीत पाच खिळे आहेत. काकांनी मला बोलावून तो धागा जमिनीपासून वर ताणला. टोक त्यांच्या छातीपर्यंत आलं. ते तिथेच धरून काका कितीतरी वेळ उभे राहिले. त्यांनी फूटपट्टी मागितली नाही. कुणी मोजलं, हेही विचारलं नाही.