चुरीकाकांचं स्टेशन

चुरीकाका आमच्या दारात येऊन जे बोलायचे ते तीनदा. बेल वाजायची, मी दार उघडायचो, आणि पायजमा-बनियनमधले चुरीकाका माझ्याकडे नव्हे, माझ्या कपाळाच्या किंचित वर कुठेतरी बघत सांगायचे, "टाकी भरून वाहते आहे. टाकी भरून वाहते आहे. टाकी भरून वाहते आहे." मी "हो का? थांबा, चप्पल घालतो..." म्हणेपर्यंत ते जिन्याच्या वळणावर पोचलेले असायचे. उत्तराची त्यांना गरज नसे. एकदा मी धावत जाऊन त्यांना गाठलं आणि "थँक्यू काका" म्हटलं, तर मी त्यांच्या खिशात हात घातल्यासारखे ते दचकले.

"उत्तर नको," म्हणाले. "पाठवणं माझं काम. पोचलं की नाही ते मी बघत नाही."

"पण मग तीनदा कशाला?"

"वाटेत हरवतं. तीनदा पाठवलं की एक तरी पोचतं."

मी तेव्हा आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. ज्या मीटिंगमध्ये निवड झाली तिला मी उशिरा पोचलो, एवढीच माझी पात्रता. वसई स्टेशनच्या पश्चिमेला आमची चार मजली, बिनलिफ्टची इमारत. चुरीकाका चौथ्या मजल्यावर, गच्चीच्या पोटाखाली राहायचे. मूळचे वसईजवळच्याच पापडी गावचे, केळी आणि पानवेलींच्या वाडीतले. पण तरुणपणीच वाडी भावांच्या हाती देऊन ते मालवाहू बोटींवर रेडिओ ऑफिसर झाले. पंचवीस वर्षं जगभरच्या समुद्रांवरून टकटक करत राहिले. मग उपग्रह आले, बोटींना रेडिओ ऑफिसर लागेनासा झाला, आणि काका एक हेडफोन, एक पितळी घड्याळ आणि ही तीनदा बोलायची सवय घेऊन घरी परतले.

त्यांची माझी खरी ओळख माझ्या सोलापुरी चादरीमुळे झाली. गच्चीत एक पुरुषभर उंचीची लाकडी चौकट उभी असे. तिच्यावर तांब्याच्या तारेचे इतके वेढे मारलेले, की कपडे वाळत घालण्याची ही काहीतरी सुधारित पद्धत असावी असा माझा समज झाला. सेक्रेटरीनं सुधारणांना उत्तेजन द्यावं म्हणून मी ओली चादर तिच्यावर पसरली आणि वर चार चिमटेही लावले. पाचव्या चिमट्याला पाठीमागून आवाज आला.

"चादर काढा. चादर काढा. चादर काढा."

त्या दिवशी काकांनी मला शेजारी बसवून घेतलं. जुन्या ट्रान्झिस्टरच्या पोटात काहीबाही जोडून केलेला एक डबा, स्कूटरची बॅटरी आणि तो बोटीवरचा हेडफोन. चौकट त्यांनी हातानं फिरवून तिची कड दक्षिणेकडे केली.

"सेक्रेटरी, एफएमवरच्या तुमच्या गाण्याची लाट केवढी असते? ह्या गच्चीत मावेल. आता ही लाट केवढी? एक टोक विरार स्टेशनात ठेवा, दुसरं खाडीपलीकडे भाईंदरला जाईल. एक लाट!"

मी उगाच एकदा विरारकडे आणि एकदा भाईंदरकडे बघितलं.

"एवढी लांब कशाला पण?"

"पाण्यात शिरायला. बाकीच्या लाटा चपळ असतात. समुद्राला टेकल्या की संपल्या. ही मठ्ठ. पण मठ्ठपणानंच हळूहळू आत उतरते. फार नाही, पाच-सात पुरुष खोल. पाणबुडी तिथवर वर येते, ऐकते, परत खाली जाते."

"आणि उत्तर काय देते?"

"काही नाही. बोलली की सापडली. तिनं फक्त ऐकायचं."

फक्त ऐकायचं आणि उलट बोलायचं नाही, ह्या सेवेत मी ऑफिसात एकवीस वर्षं काढली होती. पण ती नौदलाची पद्धत आहे हे मला तेव्हा कळलं.

काकांनी हेडफोन माझ्या कानाला लावला. आधी नुसती घरघर. मग तिच्या आतून एक बारीक, थरथरता, न थांबणारा सूर. रातकिड्याला सर्दी झाल्यासारखा.

"काय म्हणतायत?"

"ते मला कळत नाही. कळू नये म्हणूनच ते तसं असतं."

"मग रोज ऐकता काय तुम्ही?"

"दक्षिणेकडचं नौदलाचं स्टेशन चालू आहे हे ऐकतो." काका डब्यावरची धूळ पुसत म्हणाले. "मिलिंद तिथे असतो."

"कुठे?"

"खाली."

मिलिंद त्यांचा एकुलता एक मुलगा. नौदलात आहे एवढं आम्हाला माहीत होतं. पाणबुडीवर आहे हे त्या दिवशी कळलं. कुठे जातो, कधी येतो, हे तो आईबापांनाही सांगू शकत नसे. बंदराला लागला की फोन करायचा. तोवर चुरीकाकांचा आणि त्याचा संबंध म्हणजे हा सर्दी झालेला रातकिडा. तिकडे स्टेशन बोलतंय म्हणजे कोणीतरी ऐकतंय, आणि ऐकतंय म्हणजे आहे.

ही बातमी मी अर्थातच गुप्त ठेवली. म्हणजे फक्त घरी सांगितली, तीही मोघम. संध्याकाळी तळमजल्याच्या पिंपळेवहिनींनी मला जिन्यात अडवलं. "काय हो, चुरींचा मुलगा पाण्याखाली काम करतो म्हणे. विहिरी उपसतो का?"

वहिनींचा काकांवर आधीपासूनच राग. "रोज संध्याकाळी गच्चीत दक्षिणेकडे तोंड करून बसतो माणूस. काय बरं लक्षण आहे हे?" शिवाय त्यांच्या टीव्हीला मुंग्या आल्या की दोष काकांच्या तारेला. प्रत्यक्षात गाऱ्हाणं उलटं होतं. आमचे मिक्सर, ट्यूबलाइटी, पाण्याचा पंप आणि वहिनींचा टीव्ही मिळून अशी घरघर करत, की काकांना स्टेशन नीट ऐकूच येत नसे. त्यामुळे अख्ख्या वसईत लोडशेडिंगची वाट बघणारा हा एकच माणूस होता. संध्याकाळी सहाला दिवे गेले की घराघरातून शिव्या निघत, आणि चौथ्या मजल्यावरून आनंदी आवाज येई, "गेली! गेली! गेली!" पाठोपाठ गच्चीकडे धावणाऱ्या चपला.

चुरीकाकू ह्या सगळ्याला हसायच्या. पापडीच्या दिरांकडून सुकेळी, म्हणजे वाडीतली वाळवलेली केळी, आली की त्या डबा भरून फडताळात ठेवायच्या. ती मिलिंदची, तो आल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. एकदा मी म्हटलं, "काकू, तुम्ही नाही कधी ऐकत ते?"

"सुहास, हे पंचवीस वर्षं समुद्रावर होते," काकू म्हणाल्या. "तेव्हा मी कुठलं स्टेशन लावत होते रे?"

शेजारी बसलेले काका खिडकीबाहेर बघू लागले.

त्या वर्षी मिलिंदनं गणपतीच्या आधी फोन करीन म्हणून सांगितलं होतं. गणपती आले, गेले. फोन आला नाही. आणि नेमक्या त्याच सुमाराला मी माझ्या कारकीर्दीतलं सर्वांत मोठं लोकोपयोगी काम केलं. सोसायटीसाठी जनरेटर आणला. प्रत्येक घरात एक ट्यूब, एक पंखा, एक टीव्ही. मी नारळ फोडला, तो एका फटक्यात फुटला नाही तरी टाळ्या झाल्या, आणि पिंपळेवहिनींनी आयुष्यात प्रथमच मला बसायला खुर्ची दिली. आता सहाला दिवे जात आणि सहा वाजून दोन मिनिटांनी जिन्याखाली तो राक्षस डरकाळी फोडे. "गेली! गेली!" हळूहळू कमी होत गेलं. तिसरी "गेली" अर्धवट राही, मग पहिल्या दोनही बंद झाल्या. लोक जनरेटरवर खूश आहेत ह्याचाच तो पुरावा असं मी धरून चाललो.

एका संध्याकाळी काकू खाली आल्या. "सुहास, ते जेवत नाहीत."

"पोट बिघडलंय का? माझ्याकडे ओव्याचा अर्क आहे."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. तसं माझ्याकडे फक्त माझे गणिताचे मास्तर बघत.

"त्यांना स्टेशन ऐकू येत नाहीये. म्हणतात, जनरेटरची घरघर आहे की स्टेशनच बंद पडलंय ते समजत नाही. बंद पडलं असलं तर का, असं नुसतं बसून विचारत राहतात. तुला सांगू नको म्हणाले. लोकांची सोय झालीये म्हणे."

मी चपला न घालताच जिन्याखाली गेलो. सेक्रेटरी असून मला जनरेटर बंद करायचं बटण माहीत नव्हतं, कारण मी फक्त उद्घाटन केलं होतं. मी दिसेल ते दाबलं. आधी पंप सुरू झाला, मग जिन्यातले दिवे दोनदा उघडझाप करून गेले, आणि शेवटी एक खटका ओढल्यावर सगळं एकदम गप्प झालं. मालिका ऐन रंगात आलेली. पिंपळेवहिनी दारातून ओरडल्या, "अहो सेक्रेटरी! तिची सासू पत्र फाडत होती!"

"वहिनी, वर चला. सगळे वर चला," मी म्हटलं. आणि मी जिना चढायला लागलो.

गच्चीत अजून थोडा उजेड होता. काका चौकटीजवळ बसले होते. खालची घरघर थांबलेली ऐकून त्यांनी वर बघितलं, मला बघितलं, माझ्या मागून धापा टाकत येणारी निम्मी सोसायटी बघितली. हेडफोन चढवला. चौकट थोडी इकडे, थोडी तिकडे. डब्याचं बटण केसभर मागे. काही नाही. पुन्हा पुढे. काही नाही. पिंपळेवहिनींनी कशासाठी ते ठाऊक नसताना हात जोडले.

काकांचा हात थांबला. त्यांनी डोळे मिटले. मग हेडफोन काढला आणि मला नव्हे, आधी काकूंना दिला.

काकूंनी तो कानाला लावला. बराच वेळ ऐकलं. "एवढंच?" म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला.

त्यानंतर हेडफोन सगळ्या गच्चीत फिरला. पिंपळेवहिनी ऐकून म्हणाल्या, "बिचारा. एकटाच बोलतोय हो!" दुसऱ्या दिवशीपासून सहा ते साडेसहा जनरेटर बंद ठेवण्याचा ठराव त्यांनीच मांडला. मालिका साडेसहानंतर पुन्हा दाखवतात, हा शोध त्यांना लागला होता ती गोष्ट वेगळी.

मिलिंदचा फोन आलाच नाही. कारण तो स्वतःच आला. नवरात्राच्या तोंडावर एका सकाळी खांद्याला पिशवी लावून गेटमधून आत शिरला. फोनच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा गाडी पकडली, म्हणाला. वरून काकांनी त्याला बघितलं आणि गॅलरीतून संदेश सोडला, "लिफ्ट नाही. सावकाश ये. लिफ्ट नाही..." तिसऱ्यांदा म्हणायच्या आत काकू दोन मजले उतरून गेल्या होत्या.

मिलिंद आला तो झोपलाच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी टाकी बघायला गच्चीत गेलो आणि हादरलो. त्या चौकटीवर, तांब्याच्या तारांवर, बनियनं, मोजे, पांढरी पँट, टॉवेल, सगळं ओलंचिंब लटकत होतं. तारांवरून पाणी निथळत होतं. चौकटीची कड दक्षिणेऐवजी पूर्वेला वळलेली. काका कठड्याला टेकून बसले होते, मांडीवर सुकेळीचा डबा, उघडा. सहा वाजले होते. बघता बघता खालच्या गल्लीतले दिवे गेले, लांबवर रेल्वे स्टेशनपर्यंतचे गेले. रेडिओचा डबा, बॅटरी, हेडफोन कुठेच दिसत नव्हते.

"काका, कपडे! तारांवर कोणी घातले हे? काढू का?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. कपाळाच्या वर नाही, सरळ माझ्याकडे. एक सुकेळं माझ्या हातावर ठेवलं.

"असू देत," म्हणाले.

मी हातात सुकेळं धरून उरलेल्या दोन "असू देत"ची वाट बघत उभा राहिलो. ते आलेच नाहीत.