टाकीचं ड्रॉइंग आणि जप्त केलेली वायर

"गुन्हेगार कितीही हुशार असो, त्याचा वास मला गेटवरच येतो," चंद्रभान छाती पुढे काढून सांगत. कुंभवलीच्या कारखान्यांच्या गल्लीत सगळ्यांनाच सगळे वास येतात, हे विश्राम मनातच ठेवी. चंद्रभान गेटवरचे सुपरवायझर आणि चिंचणीचा विश्राम त्यांच्या हाताखालचा रखवालदार. पण चंद्रभानसाहेबांच्या लेखी एक गुप्तहेर आणि दुसरा त्याचा उजवा हात. उजव्या हाताच्या वाट्याला बहुतेक शिव्याच येत.

त्या रविवारी प्रकरण गंभीर होतं. ऑफिसात ड्रॉइंग काढणाऱ्या अर्चनाने शनिवारभर बसून काढलेलं टाकीचं ड्रॉइंग संगणकातून नाहीसं झालं होतं. दुपारी गिऱ्हाईक यायचं होतं. "काढलंच नसेल तर तसं सांग," एवढं बोलून मालक आत गेले. याच महिन्यात तिला नोकरीत कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. तिचे डोळे भरून आलेले पाहून विश्रामने तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. पोरगी खोटं बोलणारी नव्हती.

चंद्रभाननी शेजारच्या टेबलावर मुद्देमालासाठी चादर पसरली आणि ते तपासाला लागले.

"चोर खिडकीतून शिरला."

"साहेब, गज हायत."

"म्हणजे बारीक होता. शिवाय सकाळी आणलेला माझा डबाही आता गायब आहे. ड्रॉइंग आणि डबा, एकाच टोळीचं काम."

"बारीक मानूस तुमचा डबा कसा उचलंल?"

चंद्रभान पुरावे गोळा करत राहिले. एक चप्पल, गंजलेलं कुलूप, हातमोजे असा माल चादरीवर साठत गेला. शेवटी त्यांची नजर संगणकाच्या मागच्या नेटवर्कच्या वायरीवर गेली. "माल बाहेर गेला तो या वायरीतून. विश्राम, वायर जप्त कर. आणि अर्चना, संगणक बंद करून चालू कर." संगणकातलं त्यांना तेवढंच येत होतं.

विश्रामने वायर काढून चादरीवर ठेवली. संगणक बराच वेळ कुरकुरत राहिला. मग अर्चनाने फोल्डर उघडलं, तर ड्रॉइंग जागेवर.

"वायर पकडताच चोर घाबरला," चंद्रभान म्हणाले. "आता परत लावा. रंगेहाथ धरू."

अर्चनाने आधी ड्रॉइंग पेन ड्राइव्हवर घेतलं. वायर लावून संगणक पुन्हा चालू केला, तर ड्रॉइंग गेलं आणि ऑफिसच्या जुन्या फाइली हजर. ती पडद्याकडे बघत राहिली आणि सकाळपासून पहिल्यांदाच हसली.

"काका, चोरी झालीच नाही. ऑफिसच्या सगळ्या फाइली ठेवणारा मोठा संगणक, म्हणजे सर्व्हर, शुक्रवारच्या साप्ताहिक सुट्टीला बंद केला, तो शनिवारी कुणी चालूच केला नव्हता. एरवी सर्व्हरवरचं फोल्डर या वायरीतून येऊन इथल्या रिकाम्या फोल्डरवर बसतं. काल ते आलंच नाही. मला वाटलं, कुणीतरी साफसफाई केली, आणि मी त्या रिकाम्यातच काम ठेवलं. आज सर्व्हर चालू झाला, त्याचं फोल्डर वर बसलं, आणि माझं खाली झाकलं गेलं. वायर काढल्यावर ते आलं नाही, म्हणून माझं दिसलं."

"म्हंजे गादीवर चादर घातली, म्हनून काय गादी चोरीला गेली नाय," विश्राम म्हणाला.

"अगदी तसंच."

मालकांनी ड्रॉइंग दोनदा पाहिलं. "बोलायला नको होतं मी तसं," ते पुटपुटले, आणि गिऱ्हाईक आल्यावर मोठ्याने म्हणाले, "हे आमच्या अर्चनाबाईंचं काम." त्या 'आमच्या'ने अर्चनाचा जीव भांड्यात पडला.

"माझा संशय पहिल्यापासून वायरीवरच होता," चंद्रभान सांगत होते. विश्राम मात्र शेजारच्या टेबलाकडे टक लावून बघत होता. त्याने पुढे होऊन चप्पल आणि हातमोजे बाजूला सारले, चादरीचं टोक उचललं. खाली साहेबांचा डबा होता, भरीत-भाकरीचा.

चंद्रभाननी डब्याकडे पाहिलं, मग हसू दाबणाऱ्या अर्चनाकडे.

"विश्राम," ते हळूच म्हणाले, "चादर परत घाल."