मुंगूस तुमच्याकडं निघालंय

सकाळी मी तोंडात ब्रश घातला, की फोन वाजतो.

"हॅलो, मुंगूस तुमच्याकडं निघालंय. घ्या."

नमस्कार नाही, चौकशी नाही. 'घ्या' म्हटलं की खट्कन फोन बंद. मी तोंडातल्या फेसासकट मागच्या अंगणात धावतो, आणि खरोखरच भिंतीखालच्या मोरीतून मुंगूस बाहेर येत असतं. माझ्याकडे एक तुच्छ नजर टाकून ते शेजारच्या नसीरभाईंच्या कोंबड्यांच्या दिशेनं चालू लागतं. तेवढ्यात भिंतीपलीकडे नसीरभाईंचा फोन वाजतो.

फोन करणाऱ्या आमच्या कुसुमताई. वसाहत साताऱ्याच्या डोंगराला टेकलेली. प्लॉट पाडणाऱ्यानं डोंगराचा पायथा खरवडता येईल तेवढा खरवडला आणि मग तो दमला. डोंगरातल्या वानरांना, मोरांना, डुकरांना मात्र त्यानं नकाशा दाखवला नाही. ती आपली जुन्याच वाटेनं खाली येतात. वाटेत आमची घरं लागतात, त्याला ती तरी काय करणार? ताईंचं घर सगळ्यात शेवटचं, डोंगराला लागून. त्यामुळे जे काही खाली उतरतं ते आधी त्यांना गच्चीवरून दिसतं.

ताई मूळच्या देवगाव रंगारीच्या. लग्न केलं नाही. उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, ऑपरेटर म्हणून. मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करून दिवसभर फोनपाशी बसावं लागे, त्या काळात अख्ख्या शहराची सुखदुःखं ताईंच्या दोन हातांतून जात होती. पुढे ऑटोमॅटिक यंत्रं आली, जोडणीचे बोर्ड गेले, ताई निवृत्त झाल्या. बोटं काही निवृत्त झाली नाहीत. तेव्हा माणसं जोडायच्या, आता जनावरं जोडतात.

नियम सगळे एक्स्चेंजचेच. पहिला नियम, जोडायचं पण ऐकायचं नाही. एकदा पाटीलसाहेबांच्या गच्चीवरून वानरानं काहीतरी पळवलं. काय, ते फक्त ताईंनी पाहिलं होतं. मी खोदून खोदून विचारलं.

"लाईन जोडली, माझं काम संपलं," ताई म्हणाल्या. "पलीकडं काय झालं ते ऑपरेटरनं ऐकू नाय. आन् ऐकलंच तर सांगू नाय."

पुढे आठवडाभर पाटीलसाहेब तोंडावर रुमाल धरून हिंडत होते आणि जेवायला नुसती पेज घेत होते, त्यावरून आम्ही काय तो अंदाज बांधला.

दुसरा नियम, पलीकडच्या पार्टीनं फोन उचलेपर्यंत सोडायचं नाही. आमच्या कचेरीत मोठे साहेब तपासणीला आले होते आणि माझा फोन थांबायला तयार नव्हता. साहेबच वैतागून म्हणाले, "घ्या हो एकदाचा!" घाईत माझ्याकडून स्पीकर दाबला गेला.

"रानडुक्कर तुमच्या फाटकात होल्डवर हाय," सगळ्या कचेरीनं ऐकलं. "लई येळ झाला. काय करू त्याचं?"

साहेबांनी मला लगेच रजा दिली.

मी जात्याच चिडका. मी ताईंवर रोज वैतागायचो, वसाहतही वैतागायची. मग नवे सेक्रेटरी आले. तरुण, हुशार, सगळं मोबाईलवर करणारे. त्यांनी डोंगराच्या बाजूला खांबावर कॅमेरा बसवला आणि वसाहतीचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. जनावर दिसलं की फोटो थेट ग्रुपवर. मीटिंगमध्ये ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "काकू, आता तुम्ही त्रास घेऊ नका. आराम करा."

ताईंनी विचारलं, "म्हंजे, ऑटोमॅटिक झालं का?"

"हो काकू, ऑटोमॅटिक!"

सगळे हसले. मीही हसलो. ताईंनी पदर सारखा केला आणि चहा न घेताच घरी गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचे फोन येणं बंद. माझं दात घासणं विनाव्यत्यय पार पडू लागलं. पण मेलं सुख बोचायला लागलं. चूळ भरायच्या आधी मी उगाच मोरीपाशी जाऊन यायचो. कचेरीत फोन उलटा ठेवायचो, पुन्हा सुलटा करायचो. ग्रुपवर मुंगसाचा फोटो येई, तो गुलाबाची फुलं आणि सुप्रभात यांच्या ढिगाऱ्यात. तो सापडेपर्यंत मुंगूस आपलं काम उरकून गेलेलं असे. नसीरभाईंची एक कोंबडी गेलीच.

"फोटो बहोत साफ आया, भाई," ते भिंतीवरून म्हणाले. "मुर्गी के साथ आया." मग आवाज उतरवून म्हणाले, "सच बोलू? बाईचा फोन नाही तर घरात दिल नै लगरा."

संध्याकाळी मी ताईंकडे गेलो. त्या गच्चीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. समोरून वानरांची टोळी उतरत होती. पुढचा हुप्प्या नसीरभाईंच्या शेवग्याकडे निघालेला स्पष्ट दिसत होता. ताईंचा हात मांडीवरच्या फोनकडे गेला आणि तिथेच थांबला.

"करा की फोन," मी म्हटलं.

"नको. एकदा ऑटोमॅटिक झालं की मधल्या माणसानं लुडबुडू नाय."

"मग दिवसभर करता काय?"

"बघते. आलेलं बघते, गेलेलं बघते." ताईंनी वानरं झाडीत दिसेनाशी होऊ दिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "इतकी वर्षं लोकांचे कॉल जोडले. मला कुणाचा येत नाय, हे कधी ध्यानातच आलं नाय बघा. हात रिकामे नसायचे ना. आता फोन नुस्ता मांडीवर पडून ऱ्हातो, तर लई वाईट वाटतं."

मी उठलो. घरी येऊन बायकोवर उगाच खेकसलो.

सकाळी ब्रश तोंडात घातला. फोन वाजला नाही. मी तो हातात घेतला आणि ताईंचा नंबर लावला. पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला.

"कोण गेलं?" आवाज घाबराघुबरा.

"कुणी गेलं नाही, ताई. मी शेजारच्या गल्लीतून बोलतोय." पुढे काय बोलायचं हे ठरवलंच नव्हतं. "ते... मुंगूस तुमच्याकडं निघालंय. घ्या."

समोर अंगण रिकामं होतं. मोरीत काहीही नव्हतं. शिवाय आमच्याकडचं मुंगूस सकाळच्या वेळी कधी उलटं डोंगराकडे जात नाही, आणि हे साऱ्या वसाहतीत ताईंइतकं पक्कं कुणालाच माहीत नाही.

"कोणत्या बाजूनं?" त्यांनी विचारलं.

"मोरीतून."

"बरं. लाईनवर ऱ्हावा."

मी राहिलो. तोंडातला फेस हनुवटीवर आला. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, दाराची कडी वाजली.

"आलं बरं का," ताई म्हणाल्या. "नीट पोचलं."

"मग ठेवू?"

"नका," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "इतक्यात नका ठेवू."