शुद्धिपत्रांची खडीसाखर

रविवारी सकाळी दाढी करताना शुद्धिपत्रांनी ठरवलं, की आज समाजवादावर कोणी काहीही बोललं तरी आपण चिडायचं नाही. दाढी संपेपर्यंत हा निश्चय अगदी नीट टिकला, हे इथं सांगितलंच पाहिजे.

शुद्धिपत्र हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. छापखान्यात तेवीस वर्षं प्रुफं तपासून तपासून त्यांना चुका काढायची अशी काही सवय लागली होती, की इमारतीतल्या बिऱ्हाडांनी मिळून हे नाव त्यांना बहाल केलं होतं. कोणी नुसतं म्हणायचा अवकाश, की 'समाजवाद काय नि साम्यवाद काय, सगळं एकच', की शुद्धिपत्र त्याला जिन्यात गाठून पाऊण तास दुरुस्त करत. पहिली दहा मिनिटं ऱ्हस्व आवाजात, पुढची दीर्घ. (शेवटची पाच नुसती उद्गारचिन्हं.) समोरचा माणूस निघून जाई तो पटलं म्हणून नव्हे, पाय दुखायला लागले म्हणून.

"तुमचा समाजवाद म्हणजे नुसता समाजाशी वाद," बायको म्हणायची.

पण आज वाद परवडणारा नव्हता. जिन्याखालची खोली रिकामी झाली होती. शुद्धिपत्रांना तिथं सगळ्या इमारतीचं वाचनालय करायचं होतं, आणि तळमजल्यावरच्या दुकानदाराला आपली पोती ठेवायची होती. चार वाजता शुद्धिपत्रांच्याच घरी बैठक होती. सात बिऱ्हाडं, सात मतं. गेल्या दोन वर्षांत शुद्धिपत्रांनी दोन ठराव मांडले होते आणि दोन्ही वेळा ऐन मतदानाआधी 'तुम्हाला समाज म्हणजे काय ते तरी कळतं का?' असं समाजालाच विचारलं होतं. दोन्ही ठराव सहा विरुद्ध एक असे पडले. (बायकोला वेगळं मत असतं, तर सात विरुद्ध एक पडले असते.)

या वेळी मात्र हरायचं नव्हतं. जन्मभर त्यांनी पुस्तकं वाचली ती चुका शोधायला. ती कोणीतरी सुखासाठी वाचावीत, शिवणाच्या काकूंनी वाचावीत, वरच्या पोस्टमास्तरांनी वाचावीत, असं त्यांना फार मनापासून वाटायचं. हे बोलून दाखवायला गेलं की मात्र आवाज चढायचा, त्याला काय करणार?

"डोक्यावर बर्फ, तोंडात साखर," बायकोनं उपाय काढला. "बर्फ घरात नाही. ही खडीसाखर घ्या. राग आला की एक खडा तोंडात टाकायचा. चावायचा नाही. विरघळेपर्यंत बोलायचं नाही."

"आणि कोणी काही विचारलं तर?"

"नुसतं 'हं' म्हणायचं. मी वीस वर्षं तेच करतेय."

शुद्धिपत्रांनी तिच्याकडे दचकून पाहिलं. पण पुडी खिशात टाकली. पुडी दुकानदाराच्याच दुकानातली होती.

चारच्या ठोक्याला बाहेरच्या खोलीत सगळे जमले. दोन खिडक्यांमधून छान उजेड येत होता. भिंतीला पुस्तकांची चार कपाटं आणि खिडकीशी शुद्धिपत्रांची आरामखुर्ची. त्या खुर्चीत आजवर त्यांच्याशिवाय कोणी बसलेलं नव्हतं. आज दुकानदार बसला. शुद्धिपत्रांनी पहिला खडा तोंडात टाकला.

"काय शुद्धिपत्रराव," दुकानदारानं ऐसपैस मागं रेलून सुरुवात केली, "तुमच्या समाजवादात सगळं सगळ्यांचं ना? मग टूथब्रशसुद्धा इमारतीत एकच का?"

वैयक्तिक वस्तू आणि उत्पादनाची साधनं यांतला फरक शुद्धिपत्रांच्या जिभेच्या टोकावर आला. तिथं खडीसाखर होती.

"हं," ते म्हणाले.

सगळे चकित झाले. शिवणाच्या काकूंनी चष्मा पुसून त्यांच्याकडे पुन्हा पाहिलं.

"म्हणजे आम्ही राबायचं आणि आळशांनी बसून खायचं?"

दुसरा खडा. "हं."

"तुझं ते आपलं आणि माझं ते माझंच, हाच तुमचा समाजवाद!"

तिसरा आणि चौथा खडा एकदमच गेले. शुद्धिपत्रांचे दोन्ही गाल टम्म फुगले, कानशिलं लाल झाली, पण तोंडातून शब्द म्हणून बाहेर पडला नाही.

"माणूस बदललाय हो," बैठकीचे अध्यक्ष आणि लेखनिक, निवृत्त पोस्टमास्तर भारावून म्हणाले. "अशा माणसाला वाचनालय दिलंच पाहिजे!"

"द्यावंच," काकू म्हणाल्या. बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

दुकानदारानं वारा ओळखला. तो खुर्चीत सावरून बसला.

"मी कुठं नको म्हणतोय? पण जिन्याखाली ओल फार. महिन्याभरात पुस्तकांना वाळवी लागेल. पोत्यांचं काय, ओल लागली तर ती मी उचलून हलवीन. वाचनालयाला कसा उजेड हवा, हवा हवी, कपाटं हवीत." त्यानं खोलीभर नजर फिरवली. "शुद्धिपत्रराव, वाचनालय इथंच व्हावं, असंच ना तुमचं म्हणणं?"

'ओल' या शब्दापाशी शुद्धिपत्रांनी पाचवा खडा घेतला होता आणि तो सरळ घशात गेला होता. खोकल्याच्या उबळीत त्यांना एवढंच ऐकू आलं, की वाचनालय इथंच. इथंच म्हणजे या इमारतीतच! डोळ्यांत पाणी, छातीवर हात, आणि मान जोरजोरात खालीवर.

"हं! हं! हंऽऽ!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. काकूंनी तर पदर डोळ्यांना लावला. शुद्धिपत्र पाणी प्यायला आत पळाले. परत आले तेव्हा बाकीचे सहाच्या सहा हात वर होते. त्यांनी घाईघाईनं आपलाही वर केला. (त्यांचं 'हं' सातवं मत म्हणून आधीच मोजलं गेलं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.)

पोस्टमास्तरांनी इतिवृत्त पुढं केलं. "वाचा आणि सही करा."

वाचा! शुद्धिपत्रांनी कानावरची लाल पेन्सिल काढली. 'बाहेरिल' खोलीतली 'रि' त्यांनी दीर्घ केली. 'आरामखूर्ची'चा दीर्घ उकार ऱ्हस्व केला. 'विनामुल्य'ला 'विनामूल्य' केलं, 'स्विकार'ला 'स्वीकार', 'कायमस्वरुपी'ला 'कायमस्वरूपी'. एकूण अकरा चुका निघाल्या. मग त्यांनी झोकात सही ठोकली.

"नीट वाचलंत ना?" चहाचे कप उचलता उचलता बायकोनं विचारलं.

"एक चूक ठेवली नाही!" शुद्धिपत्र अभिमानानं म्हणाले.

सोमवारी संध्याकाळी छापखान्यातून ते शीळ घालत परतले. वाटेत जिन्याखाली पोत्यांची थप्पी दिसली, तेव्हा शीळ जरा बेसूर झाली. घराचं दार सताड उघडं होतं. पोस्टमास्तर, काकू आणि वरच्या मजल्यावरचे दोघं त्यांच्या कपाटांतली पुस्तकं काढून वाचत बसले होते. भिंतीवर नियमांचा कागद होता, निर्दोष शुद्धलेखनात. आणि आरामखुर्चीत, पाय लांब करून, दुकानदार.

"हे काय चाललंय?" शुद्धिपत्रांनी बायकोला विचारलं.

"हं," बायको म्हणाली.

पुडी संपली होती. तेवीस वर्षं तपासलेली सगळी उद्गारचिन्हं शुद्धिपत्रांच्या तोंडून एकदम बाहेर पडली.

"उठा! ही माझी खोली आहे! माझी कपाटं! माझी पुस्तकं! ही माझ्या स्वतःच्या मालकीची, माझी खुर्ची आहे!"

दुकानदार उठला नाही. त्यानं खिशातून खडीसाखरेचा एक खडा काढून शुद्धिपत्रांच्या तळहातावर ठेवला, आणि त्यांच्या कानावरची लाल पेन्सिल अलगद काढून हवेत एक रेघ मारली.

"'माझी' खोडा, शुद्धिपत्रराव," तो अतिशय शांतपणे म्हणाला. "'आपली' लिहा."

शुद्धिपत्रांनी उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्यानं केलेली दुरुस्ती तपासली. वरून तपासली, खालून तपासली. तिच्यात चूक सापडेना.

त्यांनी खडा तोंडात टाकला आणि निमूटपणे दाराजवळच्या स्टुलावर बसले. खुर्चीसाठी त्यांचा नंबर पाचवा होता.